पश्चिमेची भिंत



गेल्या वर्षी अक्षय्य तृतीया झाली आणि आमच्या घरात एकच विषय सुरू झाला: पश्चिमेच्या भिंतीचे पत्रे.

आमचं घर मुलुंड पश्चिमेला. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या. आजेसासऱ्यांनी साठ वर्षांपूर्वी बांधलं, तेव्हा आजूबाजूला मोकळी जागा होती. आता चारी बाजूंना टॉवर आहेत आणि मधे आम्ही. मुंबईचा पाऊस येतो नैऋत्येकडून, वारा घेऊन. त्यामुळे घराची पूर्वेची भिंत वर्षानुवर्षं टिकते आणि पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात मार खाते. सासऱ्यांनी ती भिंत कधीतरी सत्तरच्या दशकात बाहेरून नागमोडी राखाडी पत्र्यांनी झाकून घेतली. घरात त्यांना 'सिमेंटचे पत्रे' म्हणतात. गेली पन्नास वर्षं त्यांनी झड अडवली. मागच्या श्रावणात शेजारच्या आंब्याची फांदी पडली, तीन पत्रे तडकले आणि आतल्या भिंतीला ओल धरली.

ओल म्हणजे आमच्याकडे नुसता गिलावा सुटण्याचा प्रश्न नसतो. ओल आली की बुरशी येते, शेवाळ येतं. सासूबाईंचं म्हणणं, शेवाळात अनंत जीव असतात. ते एकदा उगवू दिलं की घासून काढायचं पाप आपल्याच हातून घडणार. म्हणून ते उगवूच द्यायचं नाही, भिंत कोरडी ठेवायची. चातुर्मास लागायच्या आत काम व्हायला हवं होतं.

ओळखीतून एक मिस्त्री आला. त्यानं भिंत बघितली आणि म्हणाला, "वहिनी, दोन दिवसांचं काम. ग्राइंडरनं कापून काढतो, नवीन लावून देतो." दुसऱ्या दिवशी सकाळी तो एका पोराला घेऊन आला. पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा असेल. तोंडाला रुमाल बांधून तो शिडीवर चढला, गंजलेल्या बोल्टाजवळ ग्राइंडर लावला आणि पत्रा कापायला लागला.

वैशाखाचे दिवस. गच्चीवर माझं वाळवण होतं, कुरडया आणि पापड. दोन-तीन मिनिटांत त्यावर पिठासारखी पांढरी धूळ बसली. आधी मला राग आला तो कुरडयांचा. मग वर पाहिलं, तर त्या पोराच्या भुवया आणि पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. तो खोकला, हसला आणि परत कापायला लागला. तेवढ्यात पुण्याहून लेकीचा फोन आला. मी काय चाललंय ते सांगितलं, तर ती एकदम ओरडली, "आई, आधी काम थांबव. ते सिमेंट नाही, ॲस्बेस्टॉस आहे."

मी काम थांबवलं. कुरडया टाकून दिल्या. मिस्त्री वैतागला. म्हणाला, आजवर शेकडो पत्रे असेच काढले, कुणाला काही झालं नाही. मी त्या दिवसाची मजुरी दिली आणि दोन आठवडे मागून घेतले. त्या दोन आठवड्यांत मी भिंतींबद्दल जे वाचलं आणि विचारलं, ते आज लिहिते आहे. कारण पत्रा बदलायचा म्हणजे कोणता रंग आणि कोणता भाव एवढंच मला माहीत होतं. त्या पत्र्याला इतिहास आहे, आणि तो आमच्याच मुलुंडमधून जातो, हे माहीत नव्हतं.

साष्टी बेटावरच्या माणसांनी पावसापासून भिंत कशी वाचवली, इथून सुरुवात करू. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवर आजही काही घरं कुडाची दिसतात. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीनं लिंपायच्या. ही तीच कारवी, जी आठ वर्षांनी एकदा फुलते आणि जिची जांभळी फुलं बघायला २०१६ साली मुंबईकरांनी उद्यानात गर्दी केली होती. कुडाची भिंत पावसाला टिकत नाही हे बांधणाऱ्याला माहीतच असतं. म्हणून छप्पर खाली ओढून घ्यायचं आणि पावसाळ्यापुरती पश्चिमेला माडाच्या झावळ्यांची झापं बांधायची. दिवाळीनंतर ती सोडायची आणि भिंत नव्यानं लिंपायची. भिंतीचं आवरण दर वर्षी बदलणारं, आणि काढलेलं आवरण चुलीत किंवा शेतात जाणारं. काढताना त्रास होईल अशी कुठलीच वस्तू त्यात नव्हती.

ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी दगड आणि चुना वापरला. दगडाला उपनगरांत तोटा नव्हता. दक्षिण मुंबईतलं जुनं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, कुर्ल्याच्या निळसर बेसॉल्टचं आणि मालाडच्या पिवळट दगडाचं आहे. गेटवे ऑफ इंडियाचा पिवळसर बेसॉल्ट मालाडजवळच्या खारोडीचा. शहराची शोभा ज्या दगडानं वाढली तो आमच्या उपनगरांच्या टेकड्या फोडून गेला. अंधेरीचा गिल्बर्ट हिल बघा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे उभे खांब, दोनशे फुटांची कातळभिंत. १९५२ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला होता, तरी भोवतीची खोदाई चालूच राहिली. २००७ मध्ये तो वारसास्थळांच्या यादीत आला, तोवर मधला सुळका तेवढा उरला होता.

चुन्याचं तसंच. जुन्या गिलाव्यासाठी चुना घाणीत मळायचे. बैल दगडी चाक फिरवायचा आणि चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळ असं काय काय पडायचं. चुन्याची भिंत श्वास घेते. आत शिरलेली ओल बाहेर सोडते. पण कोकणच्या किनाऱ्यावर हा चुना शिंपले जाळून करत असत. हे वाचलं तेव्हा सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आपण ज्याला सात्त्विक भिंत म्हणतो तीही तशी नव्हेच."

त्यांनी मग मला योगशास्त्रातली यादी काढून दिली. आम्ही दिगंबर, पण हेमचंद्राचार्यांचं योगशास्त्र सासऱ्यांच्या कपाटात होतं. बाराव्या शतकातला हा ग्रंथ. श्रावकानं पोटासाठी कोणते पंधरा धंदे करू नयेत ते त्यात सांगितलं आहे. विटा भाजणं, लोखंड तापवून घडवणं हे 'अंगारजीविके'त येतं. झाडं तोडून विकणं 'वनजीविके'त. तळी-विहिरी खोदणं आणि दगड फोडणं 'स्फोटजीविके'त. यादी मी लहानपणी पाठशाळेत पाठ केली होती. पण घराच्या भिंतीकडे बघत ती वाचली तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की वीट, लोखंड, लाकूड, दगड, सगळं तिथं आहे. म्हणजे हे धंदे आपण करायचे नाहीत, आणि घर मात्र त्याच मालाचं बांधायचं. फोडणारा, भाजणारा, कापणारा दुसरा कुणीतरी. आपले हात स्वच्छ.

ही गोष्ट मनात ठेवून पुढचा इतिहास वाचा, कारण तो 'दुसरा कुणीतरी' आता येतो.

एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टींनी पश्चिम किनाऱ्यावरची घरं बदलली. एक मंगलोरी कौल. बासेल मिशननं १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि ती लाल कौलं गलबतांतून मुंबईपर्यंत आली. दुसरी गोष्ट नागमोडी लोखंडी पत्रा. १८२९ मध्ये लंडनच्या गोदी बांधणाऱ्या हेन्री पामर नावाच्या इंजिनिअरनं सपाट पत्र्याला वळ्या देण्याची युक्ती शोधली. वळ्या पडल्या की पातळ पत्राही ताठ उभा राहतो; कागदाला घड्या घालून बघा, समजेल. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये लोखंडावर जस्ताचा लेप देण्याची पद्धत आली. जस्त आधी झिजतं आणि आतल्या लोखंडाला वाचवतं. ते संपलं की लोखंड गंजायला लागतं. समुद्राच्या हवेत ते लवकर संपतं, ही मुंबईची अडचण. शिवाय लोखंडी पत्रा उन्हात तापतो आणि पावसात ढोल वाजतो.

सिमेंटही याच सुमारास देशी झालं. पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ साली भारतात सिमेंट निघू लागलं. सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथं २०७ चाळी उभ्या केल्या त्या सिमेंट काँक्रीटच्या. चुन्याची घाणी मागे पडली. सिमेंट लवकर घट्ट होतं, पण चुन्यासारखं लवचीक नसतं. त्याला बारीक तडे जातात, तड्यातून पाणी शिरतं आणि बाहेर यायला वाट सापडत नाही. म्हणून सिमेंटच्या गिलाव्याला पश्चिमेकडून आणखी एक अंगरखा लागला. न गंजणारा, न जळणारा, न तापणारा, स्वस्त.

तो अंगरखा तयार होता. १९०० च्या सुमारास ऑस्ट्रियात लुडविग हाट्शेक यांनी सिमेंटच्या पातळ लगद्यात ॲस्बेस्टॉसचे धागे मिसळून कागद करतात तसे पत्रे करायची रीत बसवली. ॲस्बेस्टॉस हा दगड आहे, पण असा दगड की जो कापसासारखा पिंजता येतो. पत्र्यात तो साधारण दहाव्या हिश्शाएवढाच असतो, बाकी सिमेंट. पण त्या दहाव्या हिश्शामुळेच पत्रा पातळ असून मजबूत होतो.

याच काळात इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात नेली कर्शॉ नावाची एक बाई टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात ॲस्बेस्टॉसचं सूत कातत होती. १९२४ साली, वयाच्या ३३ व्या वर्षी, ती गेली. डॉक्टर विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसं तपासली. त्यांत ते धागे रुतलेले होते. कुक यांचा लेख त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. १९३० मध्ये सरकारी डॉक्टर मेरवेदर यांनी कारखान्यांतल्या कामगारांची तपासणी करून अहवाल दिला आणि १९३१ मध्ये इंग्लंडात धूळ आवरण्याचे नियम झाले.

आता तारखांकडे बघा. टर्नर ब्रदर्स तोवर टर्नर अँड न्यूऑल या मोठ्या समूहाचा भाग झाले होते. त्याच समूहाशी जोडलेल्या ॲस्बेस्टॉस सिमेंट कंपनीचा भारतातला पहिला कारखाना १९३४ मध्ये मध्य प्रांतात कैमोर इथं सुरू झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत दुसरा निघाला तो मुलुंडला. मुलुंड तेव्हा मुंबईत नव्हतंच. ठाणे जिल्ह्यात होतं, १९५७ साली ते बृहन्मुंबईत आलं. रेल्वे होती, आग्रा रोड होता, मोकळी जमीन होती. पुढे घाटकोपरला ॲस्बेस्टॉसचे ब्रेक लायनिंग करणारा कारखानाही आला. ज्या धुळीसाठी १९३१ साली विलायतेत कायदा करावा लागला, तिचा धंदा पुढच्या दहा वर्षांत आमच्या गल्लीच्या टोकाला येऊन पोचला होता. गावातला सिमेंटचा पत्रा गावातल्या दुकानात मिळू लागला. आमच्या भिंतीवरचा तसाच कुठूनतरी आलेला.

कारखान्यांनी मुलुंड-भांडुपला पगार दिला, घरं उभी केली, मुलं शिकवली, हेही खरंच आहे. आणि पत्रा चांगला होता हेही खरं. आमचा पन्नास वर्षं टिकला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशीही आमची पश्चिमेची खोली कोरडी होती. वाईट वस्तू वाईट काम करते असं नाही. तिनं घराचं काम चोख केलं आणि किंमत दुसऱ्या कुणाच्या तरी छातीत लिहून ठेवली. ॲस्बेस्टॉसचा आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी दिसतो. तोवर पत्रा कुणी कापला होता ते कुणाला आठवत नाही. म्हणूनच मिस्त्री प्रामाणिकपणे म्हणू शकतो की कुणाला काही झालं नाही.

आपल्या बायकांच्या दृष्टीनं एक गोष्ट मला फार लागली. १९६५ मध्ये लंडनच्या न्यूहाऊस आणि थॉमसन या संशोधकांनी छातीच्या अस्तराच्या कर्करोगाचे रुग्ण तपासले. त्यात कारखान्यात कधीच पाऊल न ठेवलेले लोक होते. काही कारखान्याच्या आसपास राहणारे, आणि काही कामगारांच्या घरातले. घरच्या बाईनं नवऱ्याचे धुळीनं भरलेले कपडे झटकले होते, धुतले होते, एवढंच.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सांगितलं की आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. कामगाराच्या तब्येतीच्या नोंदी, तो कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा तो काम सोडून गेल्यावर पंधरा वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर जपायला सांगितल्या. इंग्लंडमध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर १९९९ पासून बंदी आहे. आपल्याकडे पत्र्यावर सरसकट बंदी नाही. दुकानात आजही मिळतो.

आता आमच्या भिंतीकडे परत येते, कारण खरा पेच इथं होता.

आमच्याकडे भांडी-फरशीला एक मावशी येतात. त्या भांडुपच्या डोंगरउतारावर राहतात. पत्रे उतरवायचे ठरलं हे त्यांनी ऐकलं आणि दुपारी जाताना हळूच विचारलं, "वहिनी, ते जुने पत्रे टाकणार असाल तर मला द्या ना. माझ्या मागच्या बाजूला ताडपत्री आहे फक्त." मिस्त्रीनंही तेच सुचवलं होतं. म्हणाला, चांगले आहेत, भंगारवाला उचलतो, कुणा गरिबाच्या छपरावर लागतात, पुण्यच पडेल.

पन्नास वर्षं मी दान या विषयावर प्रवचनं ऐकली आहेत. त्या दुपारी कळलं की त्यातलं मला फार थोडं समजलं होतं. पत्रे देऊन टाकणं किती सोपं होतं. आमचा खर्च वाचणार, मावशींचं छप्पर होणार, दोघी खूश. पण जी वस्तू माझ्या नातवंडांच्या खोलीबाहेर नको, ती मावशींच्या नातवंडांच्या डोक्यावर कशी चालेल? तिथं ती खिळे ठोकून बसवणार, मापात बसली नाही तर करवतीनं कापणार, आणि धूळ एका खोलीत राहणार. नको असलेली वस्तू दिली की ते दान होत नाही. आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं, एवढाच त्याचा अर्थ.

मी मावशींना नाही म्हणाले. कारणही सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की त्यांचा विश्वास बसलेला नाही. मोठ्या घरची माणसं जुनी वस्तूही द्यायला मागेपुढे बघतात, असं वाटलं असणार. ते मला आठवडाभर टोचत राहिलं.

मग घरात बसून आम्ही हिशेब केला. भिंतीला नवीन काय लावायचं? ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी आम्ही काय काय पाहिलं ते सांगते.

पहिला पर्याय: पत्राच नको, नुसता गिलावा. जुना सुटलेला गिलावा काढून दोन थरांत नवीन, वर सँडफेस आणि पाणी न पिणारा रंग. सगळ्यात साधा. पण आमच्या भिंतीवर थेट झड येते. दर चार-पाच वर्षांनी परांची बांधून रंग द्यावा लागणार.

दुसरा: दगडाची पातळ फरशी चिकटवणं. दिसतं छान. पण पश्चिमेच्या उन्हापावसात चिकटवलेली फरशी सुटली की खाली माणसाच्या डोक्यावर येते. आमची जुनी भिंत ते वजन घेईल याची खात्री नव्हती.

तिसरा: दुकानांच्या पाट्यांना आणि ऑफिसांच्या दर्शनी भागाला असतात ते चकचकीत ॲल्युमिनियमचे पॅनेल. दोन पातळ पत्रे आणि मधे प्लॅस्टिकचा गाभा. १४ जून २०१७ ला लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवरला आग लागली ती एका स्वयंपाकघरात. इमारतीला वर्षभरापूर्वीच बाहेरून असे पॅनेल लावून नवी शोभा आणली होती. त्यांच्यातून आग वर चढली आणि ७२ माणसं गेली. न जळणाऱ्या गाभ्याचे पॅनेलही मिळतात, पण दुकानदार 'फायरप्रूफ आहे' म्हणतो तेवढ्यावर मी ते घेणार नव्हते.

चौथा: ॲस्बेस्टॉस नसलेले फायबर-सिमेंटचे बोर्ड. यात लाकडाच्या लगद्याचे धागे असतात. चांगला पर्याय आहे. फक्त कोरडा कापला तर यातूनही वाळूची बारीक धूळ उडते आणि तीही फुप्फुसाला वाईटच. कापायचा तर पाणी मारून, किंवा मापाप्रमाणे आणायचा.

पाचवा: जस्त-ॲल्युमिनियमचा लेप दिलेला रंगीत लोखंडी पत्रा. साध्या जस्ताच्या पत्र्यापेक्षा जास्त टिकतो. कापलेल्या कडेला आणि स्क्रूच्या भोकाला गंज धरतो, म्हणून तो मापाप्रमाणे आणून स्क्रूखाली रबरी वॉशर लावायचा. काढला तर स्क्रू फिरवून निघतो आणि भंगारात वितळून परत लोखंड होतो.

आम्ही पहिला आणि पाचवा एकत्र केला. आधी भिंत दुरुस्त केली, पूर्ण सुकू दिली. मग लोखंडी पट्ट्यांची चौकट बसवून तिच्यावर पत्रा, भिंत आणि पत्रा यांच्यामधे दोन इंच मोकळी जागा, वर-खाली हवेला वाट आणि त्या वाटेला जाळी, म्हणजे पक्षी आणि किडामुंगी आत अडकणार नाहीत. तापायचा आणि वाजायचा जुना दोष या मोकळ्या जागेमुळे बराच कमी झाला. कुडाच्या घराला बाहेरून झापं बांधायचे, तीच युक्ती.

लोखंड म्हणजे अंगारजीविका, हे मी विसरले नाही. कुणीतरी भट्टीपाशी उभं राहिलंच आहे. हिंसा नसलेली भिंत बाजारात मिळत नाही. पण यत्नाचार म्हणजे तरी काय? जिथं पाऊल टाकणं टाळता येत नाही तिथं बघून टाकणं. म्हणून मी तीन प्रश्न ठरवले: हे बनवताना कुणाच्या अंगावर काय गेलं, भिंतीवर असताना पाऊस आणि आग यांच्यापुढे ते कसं वागेल, आणि काढताना कोण श्वासात घेईल. दुकानात फक्त मधला प्रश्न विचारतात. आमच्या जुन्या पत्र्याला मधल्या प्रश्नात पैकीच्या पैकी गुण होते.

जुने पत्रे उतरवायला दुसरा माणूस मिळाला, थोडा महाग. त्याला आधीच सांगितलं: ग्राइंडर नाही, हातोडा नाही. पत्रे पाण्यानं चिंब केले, बोल्ट हाताच्या कातरीनं तोडले, एकेक पत्रा अख्खा दोरीनं खाली घेतला. कामगारांना चांगले मास्क आणि अंगावर घालायला एकदाच वापरायचे कपडे दिले. ते कपडे कुणाच्या घरी धुवायला गेले नाहीत. अंगण झाडलं नाही, ओल्या फडक्यानं पुसलं. पत्रे जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून वर मोठ्या अक्षरांत काय आहे ते लिहिलं. मग बरेच फोन करून, घातक कचरा नेण्याचा परवाना असलेल्या माणसाकडे ते सोपवले. त्याचे पैसे वेगळे पडले. यजमान म्हणाले, "पत्रे घेताना बाबांनी दिले नसतील त्याहून जास्त आपण ते काढायला दिले." ते खरं होतं. पन्नास वर्षांपूर्वी पत्रा स्वस्त पडला कारण त्याची अर्धी किंमत कुणी मागितलीच नव्हती. ती आता आमच्याकडून वसूल झाली, तीही पैशांत. इतरांनी ती छातीनं फेडली.

नवीन पत्र्यांची ऑर्डर देताना मी चार पत्रे जास्त मागवले. मावशींच्या मागच्या भिंतीचं माप त्यांच्या मुलानं आणून दिलं होतं. माणूस पाठवून ते बसवूनही दिले. मावशी काही बोलल्या नाहीत. पहिल्या मोठ्या पावसानंतर सकाळी आल्या आणि पदर खोचता खोचता म्हणाल्या, "आवाज फार येतो हो वहिनी त्याचा. पण आत थेंब नाही."

त्या पहिल्या पोराचा मात्र पत्ता लागला नाही. मिस्त्रीला दोनदा विचारलं. तो म्हणाला, गावाला गेला असेल, नाहीतर दुसऱ्या साईटवर असेल. दोन-तीन मिनिटांच्या धुळीनं बहुधा काही होणार नाही, असं लेक म्हणते. पण त्याची ती दोन-तीन मिनिटं फक्त आमच्याच भिंतीवरची नसणार.

आषाढातल्या चतुर्दशीला चातुर्मासाची स्थापना झाली. त्या रात्री जोराचा पाऊस होता. मी पश्चिमेच्या खोलीत जाऊन भिंतीला हात लावून बघितला. कोरडी होती.